रकाना ७३ ते ८० : आत्याच्या छत्तीस वर्षांचे दप्तर

मंडळी, आजचा थ्रेड लांब आहे आणि नेहमीपेक्षा निराळा आहे. यात किल्ला नाही, लढाई नाही, तहनामा नाही. यात एक संगणक-प्रोग्रामर बाई आहे, बँकेत कारकुनी करणारे तिचे वडील आहेत आणि माझ्या आजीने लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवलेला एक पत्र्याचा डबा आहे. ती बाई म्हणजे माझी आत्या. १९७९ साली ती नोकरीला लागली आणि २०१५ साली तिला घरी बसवण्यात आले. या छत्तीस वर्षांत तिने जे लिहिले, त्यातले जवळजवळ काहीही आज अस्तित्वात नाही. इतिहासाच्या विद्यार्थिनीला हे वाक्य लिहिताना जी अस्वस्थता येते, तिच्यातून हा थ्रेड उपजला आहे.

गेल्या वर्षी एम.ए.च्या अभ्यासक्रमात मौखिक इतिहासाचा एक प्रकल्प होता. हयात व्यक्तीच्या कामकाजाचा वृत्तांत तिच्याच तोंडून नोंदवायचा आणि तो कागदपत्रांशी ताडून पाहायचा, अशी अट. मी आत्याकडे गेले. ती हसली. म्हणाली, "अगं, बोलायला मी तासन्‌तास बोलेन. पण ताडून कशाशी पाहणार? माझं काही उरलेलंच नाही."

मला ते अतिशयोक्त वाटले. आपण मोडी शिकणारी माणसे. पुण्याच्या पेशवे दप्तरात कापडी रुमालांत बांधलेले कागद पाहिले की, माणसाने काही लिहिले म्हणजे ते कुठेतरी राहतेच, अशी भाबडी श्रद्धा मनात घर करते. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या सुभ्यातील जमाखर्च आपण आज बसून लावू शकतो. मग १९८० सालच्या मुंबईत लिहिलेला प्रोग्राम जाईल कुठे?

आत्या बोलू लागली तशी एकेक वाट बंद होत गेली. पहिली कंपनी केव्हाच बुडाली. तिथल्या चुंबकीय फिती पुसून पुन्हा वापरल्या जात, कारण फीत महाग होती आणि प्रोग्राम स्वस्त. दुसऱ्या कंपनीत लिहिलेले सारे ग्राहकाच्या मालकीचे. काम संपले की त्या यंत्राला हात लावण्याची मुभाही संपली. परदेशात केलेले परदेशात राहिले. कपाटात सव्वापाच इंची फ्लॉप्यांची एक चळत निघाली खरी. पण ती वाचू शकणारे यंत्र मोठ्या खटपटीने मिळवले, तेव्हा फ्लॉप्यांना बुरशी लागल्याचे दिसले. शनिवारवाड्यातून सुटलेले पत्र मी वाचू शकते, १९८८ सालची फ्लॉपी नाही. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट उमगले.

आता थोडी पार्श्वभूमी.

आत्याने पुण्यात संख्याशास्त्रात बी.एस्सी. केले. प्रोग्रामर होण्याचे तिचे स्वप्न वगैरे नव्हते. तो शब्दच तिने ऐकलेला नव्हता. वर्तमानपत्रात जाहिरात आली, मुंबईत तर्काच्या कोड्यांची परीक्षा झाली आणि ती निवडली गेली. गिरगावात एका नातेवाइकांकडे राहायचे, शनिवारी रात्री पुण्याला यायचे.

भारतात संगणक तोवर नवा नव्हता, पण दुर्मीळ मात्र होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी बांधलेला संगणक १९६० साली चालू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. पण कचेऱ्यांत आणि कारखान्यांत जे संगणक होते, ते प्रामुख्याने आयबीएमचे, भाड्याने दिलेले. पाश्चात्त्य देशांत जुने ठरलेले 'आयबीएम १४०१' इकडे दुरुस्त करून लावले जात. १९७३च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणण्यास सांगितले. आयबीएमला ते मान्य नव्हते. १९७८ साली तिने येथून गाशा गुंडाळला. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. त्याच वेळी सांताक्रूझच्या निर्यात क्षेत्रात प्रोग्राम लिहून परदेशी पाठवण्याचा एक नवाच धंदा आकार घेत होता. आत्या या दोन युगांच्या सांध्यावर आत शिरली. तिला अर्थातच सांधा वगैरे काही दिसत नव्हता. तिला वातानुकूलित खोली दिसत होती. "पहिल्यांदा एवढा गार वारा खाल्ला," ती म्हणते, "तोसुद्धा माणसांसाठी नव्हता, यंत्रासाठी होता."

तिची कंपनी इतरांची हिशेबी कामे करून देणारी होती. पगारपत्रके, बिले, साठ्याची पत्रके. ज्यांना स्वतःचा संगणक परवडत नसे, ते अशा कंपनीकडे कागद पाठवत आणि छापील पत्रके परत नेत. तिथे आत्या कोबॉल शिकली.

कोबॉलविषयी दोन शब्द, कारण पुढे ते लागणार आहेत. ही भाषा १९५९ साली अमेरिकेत सरकारी आणि खासगी संस्थांच्या एका समितीने आखली. तिच्यामागे ग्रेस हॉपर या नौदलातल्या गणितज्ञ बाईंच्या आधीच्या भाषेचा मोठा आधार होता. हिशेबनिसाला वाचता यावी अशी, इंग्रजी वाक्यांसारखी तिची रचना. प्रत्येक प्रोग्रामचे चार खंड. पहिला ओळखीचा. त्यात प्रोग्रामचे नाव येते आणि त्याखाली एक ओळ असे : 'ऑथर', म्हणजे लेखक. कोबॉल आखणाऱ्यांनी लेखकासाठी मुद्दाम जागा ठेवली होती. १९८५च्या प्रमाणात ती ओळ कालबाह्य ठरवली गेली आणि २००२च्या प्रमाणातून ती काढूनच टाकली. मला हे कळले तेव्हा मी बराच वेळ गप्प होते.

हे सारे लिहायचे ते कागदावर, रकाने आखलेल्या फॉर्मवर, पेन्सिलने. मग तो फॉर्म पंचिंगच्या खोलीत जाई. तिथे बसलेल्या मुली एकेक ओळ एकेका कार्डावर छिद्रांच्या रूपाने उमटवत. कार्डात ८० रकाने, १२ आडव्या ओळी. एक ओळ म्हणजे एक कार्ड. पाचशे ओळींचा प्रोग्राम म्हणजे पाचशे कार्डांचा गठ्ठा. गठ्ठा हातातून सांडला की क्रम गेला, म्हणून त्याच्या कडेवर स्केचपेनने तिरकी रेघ ओढून ठेवायची. रेघ जुळली की क्रम जुळला. संध्याकाळी गठ्ठा यंत्राच्या खोलीत द्यायचा, सकाळी उत्तर घ्यायचे. उत्तर म्हणजे बहुधा चुकांची यादी. एक पूर्णविराम राहिला तरी एक दिवस गेला. "त्यामुळे आम्ही डोक्यातच प्रोग्राम चालवून पाहायचो," आत्या सांगते, "लोकलमध्ये उभ्या उभ्या." ही सवय तिची अजून गेलेली नाही. काही विचारले की ती क्षणभर डोळे मिटते.

आता आजोबांकडे येते.

आजोबा पुण्यात एका बँकेत कारकून होते आणि संघटनेचे खंदे कार्यकर्ते. त्यांच्या पिढीच्या कर्मचाऱ्यांना संगणक म्हणजे काय ते नीट ठाऊक होते : तो माणसे कमी करण्यासाठी आणला जाणारा डबा. आज आपल्याला हे हास्यास्पद वाटते, आणि माझ्या मते ते वाटणे हे आपले अज्ञान आहे. १९६०च्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी इलाको हाऊस या इमारतीत संगणक बसू नये म्हणून पहारा दिला होता. ती माणसे यंत्राला भूत समजत नव्हती. ती आपल्या मुलांच्या नोकऱ्या मोजत होती.

बँकांत हा प्रश्न १९८३ साली तडजोडीला आला. त्या वर्षी सप्टेंबरात बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. पाठोपाठ रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला. शाखांमधून जी यंत्रे आली त्यांचे नाव होते 'अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन'. या नावात संगणक हा शब्द कुठेही नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. तहनाम्यातील शब्द किती तोलून घातलेले असतात हे आपण अनेकदा पाहिले आहे.

तोवर आत्या दुसऱ्या कंपनीत गेली होती. आणि ती कंपनी याच यंत्रांसाठी प्रोग्राम लिहीत होती.

घरात काय झाले असेल याची कल्पना करा. आजोबा तिच्याशी भांडले नाहीत. ते बोलेनासे झाले. दोन रविवार असे गेले. तिसऱ्या रविवारी जेवताना आत्याने कुणालाच उद्देशून नसल्यासारखा प्रश्न टाकला : बचत खात्यावरचे व्याज नेमके कसे काढतात? कंपनीतल्या कुणालाच ते पक्के ठाऊक नव्हते. सगळे अभियंते आणि गणितज्ञ, पासबुकापलीकडे बँक पाहिलेली नाही. आजोबा बराच वेळ जेवत राहिले. मग म्हणाले, "दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरायची. तेवढ्यावरच व्याज." आणि मग ते थांबलेच नाहीत. दर सहामाहीस, जून आणि डिसेंबर अखेर, सारी शाखा रात्री उशिरापर्यंत बसून हजारो खात्यांचे हे व्याज कसे काढते, कुणाचा हात कुठे चुकतो, एक पैशाचा फरक शोधायला तीन दिवस कसे जातात. आत्याने पानावरून उठून वही आणली. उष्ट्या हाताने आजोबा सांगत होते आणि ती लिहून घेत होती.

त्यानंतर तो विषय घरात कधी निघाला नाही. पण दोन वर्षांनी आजोबांच्या शाखेतही यंत्र आले. अशा वेळी काही महिने 'पॅरलल रन' चाले : यंत्रही हिशेब करणार, माणसेही करणार आणि दोन्ही ताडून पाहणार. पहिल्या सहामाहीच्या अखेरीस आजोबांनी कुणी न सांगता काही खाती हाताने तपासली. त्या रविवारी ते आत्याला म्हणाले, "तुझ्या यंत्राला एकतीस तारीख ठाऊक नाही काय?"

प्रोग्रामने प्रत्येक महिना तिसाव्या दिवशी संपवला होता. कुणी एकतीस तारखेला पैसे काढले, तर ती घट त्याच्या हिशेबात येतच नव्हती. फरक पैशांत मोजण्याएवढा. पण चूक ती चूक. आत्या म्हणते, तिच्या साऱ्या कारकिर्दीतील सर्वांत बारकाईने झालेली तपासणी ती. आणि करणारा माणूस त्या यंत्राविरुद्ध घोषणा दिलेला. ही चूक कशी सापडली, कुणाला सापडली, याची नोंद कुठल्याही फायलीत नाही. दुरुस्ती झाली, एवढेच उरले. पुढे तेही गेले, कारण १ एप्रिल २०१० पासून व्याज दररोजच्या शिलकीवर काढले जाऊ लागले आणि दहा तारखेचा तो नियमच इतिहासजमा झाला.

नव्वदच्या दशकाचा पहिला अर्ध मी झपाट्याने ओलांडते. आत्याही तो तसाच ओलांडते. लग्न झाले, मुलगा झाला, कंपनी बदलली, पुण्यात परत आली, पडद्यावर खिडक्या उघडणारे प्रोग्राम आले, ती ते शिकली. "दर पाच वर्षांनी सगळं विसरायचं आणि पहिल्या इयत्तेत बसायचं," एवढेच ती त्याबद्दल म्हणते.

मग आले १९९८. आणि इथे मंडळी, आपला विषय थेट जोडला जातो.

जुन्या मराठी पत्रांचे काल ठरवताना काय हाल होतात हे तुम्ही जाणता. खासगी पत्रात तिथी असते, महिना असतो, वर्ष नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला वर्ष माहीत होते. मग शाई का खर्चावी? याउलट सरकारी कागदात शुहूर सन पूर्ण लिहिलेला मिळाला की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' : एक, साठ, शंभर आणि हजार; ११६१. त्यात ६०० मिळवले की १७६१चा जानेवारी, पानिपत. शतक आणि सहस्रक दोन्ही शब्दांत लिहिण्याची ती खबरदारी केवढी मोलाची!

विसाव्या शतकातील प्रोग्रामरांनी ती घेतली नाही. ८० रकान्यांच्या कार्डात १९ हे दोन अंक दर वेळी कोण भरणार? त्या काळच्या '१४०१'ची स्मृती कितीही वाढवली तरी १६,००० अक्षरांच्या पुढे जात नसे. तिथे दोन अक्षरे म्हणजे चैन. म्हणून ७९, ८०, ८१. शतक सर्वांना माहीत होते. माझ्या आत्यानेही तेच केले, अगदी बँकेच्या प्रोग्राममध्येही; तेव्हा तर यंत्र मोठे झाले होते, पण हाताला वळण पडले होते.

शतक संपू लागले तेव्हा जगभरच्या संस्थांना कळले की त्यांच्या यंत्रांच्या लेखी ९९ नंतर ०० येणार, आणि ०० म्हणजे १९००. कोबॉल येणारी माणसे हवी होती, मोठ्या संख्येने आणि लवकर. भारतीय कंपन्यांना परदेशांत पाय रोवण्याची ती मोठी संधी ठरली. आत्या चाळिशी ओलांडल्यावर प्रथमच विमानात बसली आणि अमेरिकेतील एका विमा कंपनीत पंधरा महिने राहिली. काम एकच : इतरांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेले प्रोग्राम वाचायचे आणि त्यांतील तारखा शोधायच्या. तारखेला तारीख म्हटलेले असेल याची शाश्वती नाही. कुणी तिला दोन अक्षरी टोपणनाव दिलेले, कुणी आपल्या कुत्र्याचे. लिहिणारी माणसे निवृत्त झालेली किंवा वारलेली.

ती हे सांगत होती तेव्हा मी तिला मध्येच थांबवले. "आत्या, हेच तर आम्ही करतो." अक्षरवळणावरून लेखनिक ओळखणे, मूळ मजकूर कोणता आणि नंतर घुसवलेला कोणता हे ठरवणे. तिनेही तिथे हेच केले. एका माणसाचे प्रोग्राम तिला इतके ओळखू येऊ लागले की त्याची चूक कुठे असणार हे ती आधीच सांगे. त्याचे नाव तिला कधी कळले नाही.

दुरुस्तीचा खरा मार्ग म्हणजे वर्षाला चार अंक देणे. पण त्यासाठी साठवलेला सारा मजकूर बदलावा लागे, वेळ नव्हता. म्हणून बरेचदा पळवाट वापरली गेली : ०० ते ४९ आले तर २० लावा, ५० ते ९९ आले तर १९. मी विचारले, आणि २०५० साली? आत्या म्हणाली, "तेव्हा तू पन्नाशीची असशील. बघून घे."

३१ डिसेंबर १९९९च्या रात्री ती त्या कचेरीत बसून होती. बारा वाजले. काही झाले नाही. पुढच्या काही महिन्यांत लोक म्हणू लागले की सारे थोतांड होते, घबराट पसरवून पैसे काढले. आजही माझ्या वयाचे अनेकजण हेच म्हणतात. थोडे मलाही तसे वाटत होते. आपल्या शास्त्राची ही एक जुनीच मर्यादा आहे. जळालेल्या वाड्याची नोंद होते, वेळीच विझवलेल्या ठिणगीची होत नाही. न घडलेल्या घटनेचे दप्तर नसते, आणि आत्याचे पंधरा महिने त्या नसलेल्या दप्तरात आहेत.

२००१ साली अमेरिकेतील तेजी ओसरली. ती परत आली तेव्हा कंपनीकडे तिच्यासाठी काम नव्हते. सात महिने ती रोज हजेरी लावून रिकामी बसली. मग जावा शिकली, वीस वर्षांनी लहान मुलांबरोबर. मग तिला व्यवस्थापक केले. इथे मात्र तिचा सूर बदलतो. पगार वाढला, हिंजवडीत काचेची खोली मिळाली आणि प्रोग्राम लिहिणे बंद झाले. दहा वर्षे तिने तक्ते भरले, सभा घेतल्या, परक्या प्रहरी फोनवर बोलली. "तेवढी वर्षं तू माझ्या कारकिर्दीतून वजा कर," असे ती म्हणाली. मी केलेली नाहीत. २०१५ साली एका दुपारी तिला बोलावून घेतले, समोर राजीनाम्याचा मसुदा ठेवला आणि सही करण्यास वीस मिनिटे दिली. ती कंपनी अजून आहे, मोठी आहे, तिचे नाव मी लिहिणार नाही. आत्याने मसुद्यातली व्याकरणाची एक चूक दुरुस्त केली आणि सही केली.

एक पुस्ती. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबॉल जाणणाऱ्यांनी मदतीस यावे असे जाहीर आवाहन केले. बेरोजगारी भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला होता आणि सरकारी यंत्रणा चाळीस वर्षांहून जुन्या होत्या. आत्याच्या भाच्याने ती बातमी घरच्या गटात टाकली. आत्याने उत्तर दिले : "पोळ्या लाटते आहे. नंतर बघते."

आता डबा.

प्रकल्प सादर करायला तीन आठवडे उरले होते आणि माझ्याकडे ताडून पाहायला एकही कागद नव्हता. जुने घर रिकामे करायचे होते म्हणून मी आजीचे स्वयंपाकघर आवरत होते. पत्र्याच्या डब्यात आजीच्या याद्यांचा जुडगा मिळाला. तूरडाळ, रवा, रॉकेल, काड्यापेट्या, कुणाच्या तरी मुंजीचा आहेर. जाड, लांबट, गुळगुळीत कार्डे, एक कोपरा तिरका कापलेला. मी एक उलटले. त्याला चौकोनी छिद्रे होती.

आत्या दर शनिवारी मुंबईहून बाद कार्डांचा गठ्ठा आणून आईला देई, याद्या लिहायला. ती हे साफ विसरली होती.

एकशे बारा कार्डे होती. वरच्या कडेला अक्षरे छापलेली नव्हती, केवळ छिद्रे. मी आत्याकडून किल्ली समजून घेतली. सर्वांत वरच्या ओळीत एक छिद्र आणि खाली १ ते ९ पैकी एक, तर 'ए' ते 'आय'. दुसऱ्या ओळीत असेल तर 'जे' ते 'आर'. तिसऱ्या, म्हणजे शून्याच्या ओळीत असेल तर 'एस' ते 'झेड', २ पासून. एकटे छिद्र म्हणजे अंक. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीची पहिली बाराखडी गिरवली होती, त्याच वहीच्या मागच्या पानांवर मी ही गिरवली. पहिल्या कार्डाला वीस मिनिटे लागली, शेवटच्याला दोन.

पहिल्या सहा रकान्यांत ओळीचा क्रमांक असतो, त्यामुळे क्रम लावता आला. मध्ये बरेच खंड पडलेले. पण विषय स्पष्ट झाला : हजेरी, महागाई भत्ता, भविष्यनिर्वाह निधी. आणि एका कार्डावर रोमन अक्षरांत एक शब्द निघाला, जो कुठल्याही इंग्रजी पाठ्यपुस्तकात नसेल : 'बदली'. बदली कामगार. तो मुंबईतल्या एका कापड गिरणीच्या पगाराचा प्रोग्राम होता.

आत्या कार्ड हातात धरून बसली. तारीख तिला आठवत नव्हती, पण मला ती लावता आली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. हजेरीच नाही, तर पगारपत्रक कशाचे? ग्राहक गेला, गठ्ठा बाद झाला आणि आत्याच्या पिशवीतून पुण्याला आला. गिरणगावाच्या इतिहासावर आपण या मालिकेत दोन थ्रेड केले. त्या संपाचा एक तुकडा आजीच्या डाळीच्या यादीमागे होता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

'ऑथर'ची ओळही सापडली. मी श्वास रोखून छिद्रे मोजली. तिथे आत्याचे नाव नव्हते. तिथे कंपनीच्या विभागाचे नाव होते.

मी हिरमुसले. आत्या मात्र हसू लागली. म्हणाली, "नियमच होता तसा. नाव विभागाचं. तू शेवटचे रकाने वाचलेस का? ७३ ते ८०?"

वाचले नव्हते. कोबॉलमध्ये बहात्तराव्या रकान्यापुढचे यंत्र वाचतच नाही. ते आठ रकाने प्रोग्रामची खूण लिहिण्यासाठी सोडलेले असतात. कंपनीची खूण पाच अक्षरांची होती. तीन रकाने मोकळे राहत.

पेशव्यांच्या पत्रांत मजकूर कारकुनाच्या हातचा असतो आणि क्वचित शेवटच्या चार ओळी धन्याच्या. कारकुनाचे नाव बहुधा कुठेच नसते. इथे कारकुनाने, यंत्र जिथे पाहत नाही नेमक्या त्या जागी, प्रत्येक कार्डावर तीन अक्षरे टोचून घेतली होती. तिच्या नावाचे एक, वडिलांच्या नावाचे एक आणि माहेरच्या आडनावाचे एक. एकशे बाराच्या एकशे बारा कार्डांवर.

"अण्णांना कधी दाखवलं नाहीस?" मी विचारले.

"काय दाखवणार? त्यांना आवडलं नसतं." मग थोड्या वेळाने : "पण त्यांनी सगळी कार्डं तपासली असती."

कार्डे सध्या माझ्याकडे आहेत. दोन्ही बाजूंचे स्कॅन पूर्ण झाले आहेत. एक कार्ड आत्याने ठेवून घेतले. छिद्रांसाठी नव्हे, त्याच्या पाठीवर आजीच्या हातचे दिवाळीच्या फराळाचे प्रमाण आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी, आजी-आजोबांच्या कपाटात, अशी तिरक्या कोपऱ्याची कार्डे, हिरव्या पट्ट्यांचे लांब छापील कागद किंवा पॅरलल रनच्या वेळी हाताने भरलेल्या वह्या असतील, तर रद्दीत देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि इथे खाली टाका. छिद्रे वाचायला मी मदत करीन. याद्या तुम्हाला वाचता येतीलच.